वाट चुकलेल्याची अमानत : सरहद्दीवरील कथा, चित्रपट आणि गीता

प्रास्ताविक

उर्दूतील ‘अमानत’ हा शब्द मराठीत आला आणि ‘अनामत’ झाला. अक्षरांची जागा बदलली, त्याबरोबर अर्थही थोडा आकसला. मराठीत अनामत म्हटले की पावती, रक्कम आणि कचेरीतील खिडकी डोळ्यांपुढे येते. उर्दूत मात्र अमानत ही केवळ पैशांची नसते. कोणी विश्वासाने ठेवलेली वस्तू, सांगितलेली गोष्ट, सोपवलेले मूल हीसुद्धा अमानतच असते. ती सांभाळायची, तिच्यात भेसळ करायची नाही आणि मूळ धन्याला परत करायची, असा त्या शब्दाचा दंडक आहे.

प्रस्तुत लेखात हा शब्द कसोटी म्हणून वापरला आहे. चुकून बंद सरहद्द ओलांडलेल्या माणसाला पलीकडे कोणी निवारा देतो, नवे नाव देतो, नवे आयुष्य देऊ करतो. अशा वेळी तो माणूस देणाऱ्याकडे नेमका काय म्हणून असतो? कैदी, पाहुणा, जिंकलेली वस्तू की अमानत? भारत-पाकिस्तान सरहद्दीवरील कथा आणि चित्रपट आपण महाविद्यालयांतून शिकवतो वा विद्यार्थ्यांना सुचवतो. त्यांच्यावरील चर्चा बहुधा ‘फाळणीची वेदना’ आणि ‘माणुसकीचा संदेश’ या दोन मथळ्यांत संपते. हे मथळे खोटे नाहीत, परंतु ते वरील प्रश्नाला हात घालत नाहीत.

यासाठी सआदत हसन मंटो यांच्या ‘टिटवाल का कुत्ता’ व ‘टोबा टेक सिंह’ या दोन कथा, राजिंदर सिंह बेदी यांची ‘लाजवंती’ ही कथा आणि ‘रामचंद पाकिस्तानी’ (२००८) व ‘बजरंगी भाईजान’ (२०१५) हे दोन चित्रपट निवडले आहेत. त्यांच्याशेजारी एक खरी हकिकत ठेवली आहे. समझोता एक्स्प्रेसमधून लाहोरला पोहोचलेल्या, कराचीत वाढलेल्या आणि २०१५ मध्ये भारतात परतलेल्या गीताची ही हकिकत आहे. तिच्या मुळांचा माग पुढे मराठवाड्यात, परभणीपर्यंत आला. म्हणून बिदर, कलबुर्गी, नांदेड, लातूर या पट्ट्यातील अध्यापकांना ती दूरची वाटू नये.

नाव देणे आणि हक्क सांगणे

‘टिटवाल का कुत्ता’ ही कथा काश्मीरमधील दोन समोरासमोरच्या चौक्यांची आहे. दोन्हीकडे शिपाई कंटाळलेले आहेत. एक भटका कुत्रा हिंदुस्थानी चौकीत येतो. त्याला बिस्किट मिळते, माया मिळते आणि लगेच प्रश्न उभा राहतो की हा कुत्रा कोणत्या बाजूचा? त्याचे नाव ‘चपड झुनझुन’ ठेवले जाते आणि तो हिंदुस्थानी असल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली जाते. तोच कुत्रा पलीकडे जातो तेव्हा तेथे त्याला ‘सपड सुनसुन’ असे नाव मिळते आणि पाकिस्तानी असल्याची चिठ्ठी मिळते. अखेर दोन्ही बाजूंच्या गोळीबारात तो मरतो. एक बाजू त्याला शहीद म्हणते, तर दुसरी त्याच्या मरणाची हेटाळणी करते.

या कथेवर लिहिताना युद्धाच्या निरर्थकतेचा उल्लेख नेहमी होतो आणि तो रास्तच आहे. परंतु मंटोने गोळी झाडण्याआधी नाव ठेवले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. दोन्ही नावे विनोदी, निरर्थक आणि जवळजवळ सारखीच आहेत. त्यांत कुत्र्याची ओळख काहीच नाही. ओळख आहे ती नाव ठेवणाऱ्याच्या मालकीची. प्रेमाने दिलेले नाव गळ्यातील चिठ्ठी कसे बनते, हे मंटो शांतपणे दाखवतो. चौकीतील माया खोटी नाही. पण तिच्यात मालकी शिरली की मायेच्या विषयाला सरहद्दीवर धावायला लावण्यात कोणालाच काही गैर वाटत नाही.

हीच कसोटी कबीर खान दिग्दर्शित ‘बजरंगी भाईजान’ला लावून पाहता येते. बोलू न शकणारी शाहिदा ही पाकिस्तानी मुलगी आईबरोबर दिल्लीतील हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याला येते आणि परतीच्या प्रवासात रात्री गाडीतून उतरल्यामुळे भारतात राहून जाते. पवन तिला ‘मुन्नी’ म्हणतो. ती गोरी आहे म्हणून ब्राह्मणाची असावी असा त्याचा पहिला अंदाज. शेजारच्या घरी ती मांसाहार करते तेव्हा अंदाज बदलतो, मशिदीत शिरते तेव्हा पुन्हा बदलतो, आणि क्रिकेटचा सामना पाहताना तिचा देश कळतो. हे प्रसंग प्रेक्षकाला हसवतात. परंतु त्यांचा क्रम नीट पाहिला तर दिग्दर्शकाने मोठ्या खुबीने आपल्या समाजाची वर्गवारी मांडली आहे. आधी रंगावरून जात, मग ताटावरून धर्म आणि शेवटी आरोळीवरून राष्ट्र. मुलगी बोलत नाही, त्यामुळे तिच्या अंगावर प्रत्येक जण आपापली चिठ्ठी लावतो. हा भाग चित्रपटाचे खरे बळ आहे.

दुर्बल भाग उत्तरार्धात आहे. मुन्नीला घरी पोहोचवण्याची जबाबदारी पवन घेतो आणि तेथून पुढे कथा त्याच्या सचोटीची होते. त्याला मारहाण होते, त्याला कीर्ती मिळते, लोक त्याच्यासाठी सरहद्दीवर जमतात. शेवटी मुलीला वाचा फुटते आणि ती त्याला ‘मामा’ म्हणून हाक मारते. डोळे ओले करणारा हा शेवट एका अर्थाने सोयीचाही आहे. मुलीची पहिली हाक तिच्या आईसाठी नाही, स्वतःसाठीही नाही. ती नायकाच्या चांगुलपणाची पावती आहे. मुकेपण हे तिचे आयुष्य न राहता कथेची अडचण ठरते आणि अडचण सुटताच पडदा पडतो.

विचारले कोणाला?

‘टोबा टेक सिंह’मध्ये दोन सरकारे फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी वेड्यांची अदलाबदल करायचे ठरवतात. मुसलमान वेडे तिकडे, हिंदू आणि शीख वेडे इकडे. बिशन सिंह पंधरा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात आहे. आपले गाव कोठे गेले, एवढेच त्याला विचारायचे आहे. सरहद्दीवर नेल्यावर तो पुढे पाऊल टाकीत नाही. तेव्हा अधिकारी त्याला समजावतात की तुझे गाव आता हिंदुस्थानात गेले आहे आणि गेले नसेल तर ताबडतोब पाठवले जाईल.

हे समजावणे म्हणजे नव्या आयुष्याचा देकार आहे. तो गोड शब्दांत आहे आणि पूर्णपणे खोटा आहे. गाव पाठवता येत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक आहे. बिशन सिंहाच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्याला हलवणे एवढेच काम उरले आहे. त्याच इस्पितळातील एक वेडा झाडावर चढून बसतो आणि आपल्याला दोन्ही देश नकोत, आपण झाडावरच राहणार, असे जाहीर करतो. वाचक हसतो. पण संपूर्ण कथेत स्वतःच्या राहण्याच्या जागेविषयी आपली मर्जी उघडपणे सांगणारे जे थोडे आवाज आहेत, त्यांत हा एक आहे. मंटो स्वतः जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेला. एका शहराचे प्रेम मनात ठेवून दुसऱ्या शहरात राहणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

मर्जीचा हा प्रश्न केवळ कथेपुरता नव्हता. फाळणीच्या काळात पळवून नेलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्यासाठी भारतात १९४९ मध्ये कायदा झाला आणि तो १९५७ पर्यंत अमलात होता. त्यामागील हेतू दिलासा देण्याचा होता आणि अनेकींना त्यामुळे सुटका मिळालीही. परंतु परत जायचे की नाही याबाबत त्या स्त्रीचे स्वतःचे म्हणणे त्या व्यवस्थेत निर्णायक नव्हते. उर्वशी बुटालिया, तसेच रितू मेनन व कमला भसीन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासग्रंथांनी ही बाब पुराव्यानिशी पुढे आणली. येथे एक फरक स्पष्ट करणे जरूर आहे. पळवून नेणे हा गुन्हा आहे, वाट चुकणे हा अपघात. दोन्हींची गल्लत करू नये. तरीही परतीच्या वेळी ‘तुझे म्हणणे काय?’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच गाळला जातो.

बेदी यांची ‘लाजवंती’ येथूनच पुढे जाते. सुंदरलाल हा अशा स्त्रियांना समाजाने पुन्हा स्वीकारावे म्हणून चळवळ करणारा माणूस आहे. त्याची स्वतःची पत्नी लाजवंती परत येते, तेव्हा तो तिला स्वीकारतो. पूर्वी तो तिला मारीत असे. आता तिला ‘देवी’ म्हणतो. मात्र तिकडे काय घडले ते ती सांगू पाहते तेव्हा तो ऐकत नाही. झाले गेले विसरून जाण्याचा त्याचा आग्रह आहे. लाजवंतीला घर मिळते पण तिचा नवरा मिळत नाही, आणि मधला काळ तर तिच्याकडून काढूनच घेतला जातो.

बेदी यांचे हे निरीक्षण उर्दू कथेच्या इतिहासात फार मोलाचे आहे. ‘देवी’ हेही एक नाव आहे आणि तेही तिला न विचारता ठेवलेले आहे. टिटवालच्या चौकीतील चिठ्ठी आणि सुंदरलालच्या घरातील पूज्यभाव यांत अंतर मोठे आहे, परंतु दोन्ही ठिकाणी समोरच्याचे तोंड बंद होते. परत आलेल्याचा मधला काळ ऐकून घेण्याची तयारी नसेल तर स्वीकार अपुरा राहतो, हे बेदी कोठेही व्याख्यान न देता सिद्ध करतात.

तुरुंगात मिळालेले बालपण

मेहरीन जब्बार दिग्दर्शित ‘रामचंद पाकिस्तानी’ हा चित्रपट आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. त्याचे कथानक २००२ सालचे आहे. त्याआधी काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर २००१ मध्ये, भारतीय संसदेवर हल्ला झाला होता आणि दोन्ही सैन्ये सरहद्दीवर उभी होती. थरच्या वाळवंटातील एका पाकिस्तानी हिंदू दलित कुटुंबातील मुलगा घरात रुसून बाहेर पडतो आणि नकळत भारताच्या हद्दीत येतो. त्याला शोधणारा बापही पकडला जातो. दोघांची रवानगी भारतीय तुरुंगात होते. मागे राहते ती आई चंपा. ही भूमिका नंदिता दास यांनी केली आहे.

हा चित्रपट सरहद्दीवरील लोकप्रिय चित्रपटांची नेहमीची मांडणी उलटवतो. हिंदू मुलगा हिंदूबहुल देशात आला आहे, म्हणून त्याला आपला मानले जाईल असे घडत नाही. त्याचा धर्म येथे कामी येत नाही. मात्र त्याची जात येथेही त्याच्या मागे लागते. त्याच्यावर देखरेख करणारी कमला त्याच्या जातीमुळे आधी त्याला दूर ठेवते, पुढे तिच्या मनात माया निर्माण होते. रामचंद तुरुंगातच वाढतो, शिकतो, मोठा होतो. म्हणजे नवे आयुष्य त्याला मिळते; ते कोणी देऊ केलेले नसते, काळाने लादलेले असते. तरी त्यातील माया खरी असते. हा गुंता दिग्दर्शिका सोपा करीत नाही.

चंपाच्या बाजूला तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. नवरा आणि मुलगा जिवंत आहेत की नाहीत, हेही तिला ठाऊक नाही. अशा काळात एका मुसलमान माणसाचा आधार आणि त्याच्याबरोबरच्या वेगळ्या आयुष्याची शक्यता तिच्यासमोर येते. चुकून सरहद्द ओलांडणाऱ्याबरोबर घरी राहिलेल्याचेही आयुष्य दुभंगते, ही गोष्ट ‘बजरंगी भाईजान’सारख्या नायकप्रधान चित्रपटात सुचूच शकत नाही. कलात्मक दृष्ट्या ‘रामचंद पाकिस्तानी’ काही ठिकाणी संथ आहे, परंतु प्रश्नाशी प्रामाणिक राहण्यात तो पुष्कळ पुढे आहे.

तीन नावांची मुलगी

आता वास्तवाकडे येऊ. या शतकाच्या आरंभीच्या काळात सात-आठ वर्षांची, ऐकू व बोलू न शकणारी एक मुलगी लाहोर स्थानकावर समझोता एक्स्प्रेसमध्ये एकटी आढळली. १९७६ मध्ये सुरू झालेली ही गाडी अटारी व लाहोर यांना जोडत असे. ही मुलगी पाकिस्तानातील ईधी फाउंडेशनकडे सोपवण्यात आली आणि पुढे कराचीत बिल्किस ईधी यांच्या देखरेखीखाली वाढली. अब्दुल सत्तार ईधी यांचा जन्म १९२८ मध्ये गुजरातेतील बांटवा येथे झाला आणि १९४७ मध्ये ते कराचीला गेले. सरहद्द ओलांडल्यावर माणसाचे काय होते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होते.

मुलीचे नाव आधी ‘फातिमा’ ठेवले गेले. पुढे ती हात जोडते, देवांच्या चित्रांपुढे नमस्कार करते, हे लक्षात आल्यावर ती हिंदू असावी असा निष्कर्ष निघाला. तेव्हा बिल्किस ईधी यांनी तिचे नाव ‘गीता’ केले आणि तिच्या पूजेसाठी संस्थेतच जागा करून दिली.

समीक्षेच्या दृष्टीने या घटनेतील ‘फातिमा’ हे नाव जितके महत्त्वाचे, तितकेच ते मागे घेणेही महत्त्वाचे आहे. आपण दिलेले नाव चुकीचे असू शकते, हे देणाऱ्याने ओळखले आणि दुरुस्त केले. टिटवालच्या दोन्ही चौक्यांना हे जमले नव्हते. दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने ओळखावे, अशी कुरआनातील सूरह अहजाबची शिकवण आहे. अनाथाचा सांभाळ हे पुण्यकर्म, पण सांभाळाच्या मोबदल्यात त्याचे मूळ पुसणे नाही, असा त्याचा आशय. कराचीतील त्या घरात या शिकवणीला प्रत्यक्ष रूप आले असे म्हणता येईल. मुलीचे मूळ ठाऊक नव्हते, तरी ते पुसले गेले नाही. त्याच्यासाठी एक कोपरा राखून ठेवला गेला.

जुलै २०१५ मध्ये ‘बजरंगी भाईजान’ प्रदर्शित झाला आणि गीताच्या हकिकतीकडे दोन्ही देशांचे लक्ष वेधले गेले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी पुढाकार घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१५ रोजी गीता दिल्लीत परतली. बिल्किस ईधी स्वतः तिला पोहोचवायला आल्या होत्या. भारताच्या पंतप्रधानांनी ईधी फाउंडेशनला एक कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. अब्दुल सत्तार ईधी यांनी आभार मानून ती नाकारली. अमानत परत करताना तिचे भाडे घ्यायचे नसते, या जुन्या रीतीशी हे सुसंगतच होते.

चित्रपट असता तर येथे संपला असता. वास्तव येथून सुरू झाले. बिहारमधील ज्या कुटुंबाचे छायाचित्र पाहून ते आपले असल्याचे तिने कराचीत सांगितले होते, त्या कुटुंबाला दिल्लीत समोर पाहिल्यावर तिने ओळखले नाही. डीएनए चाचणीही जुळली नाही. तिला इंदूरच्या संस्थेत ठेवण्यात आले. पुढील काही वर्षांत मुलगी म्हणून तिच्यावर दावा सांगणारी अनेक कुटुंबे आली. तिच्यासाठी स्थळेही पाहण्यात आली. डिसेंबर २०२० मध्ये, एक स्थानक, जवळचे इस्पितळ, देऊळ, नदी अशा तिच्या आठवणींचा धागा धरून शोध घेणारी मंडळी तिला नांदेड, बासर या गोदाकाठच्या परिसरात घेऊन फिरली. मार्च २०२१ मध्ये मराठवाड्यातील एका महिलेने आपली हरवलेली मुलगी राधा ती हीच, असे सांगितले आणि तिच्या अंगावरील जुन्या खुणेचा दाखला दिला. गीताला तिची खरी आई मिळाल्याचे बिल्किस ईधी यांनीही त्या वेळी जाहीर केले. १५ एप्रिल २०२२ रोजी त्या मरहूम झाल्या. अब्दुल सत्तार ईधी त्याआधी, ८ जुलै २०१६ रोजी निवर्तले होते आणि सुषमा स्वराज ६ ऑगस्ट २०१९ रोजी.

राधा, फातिमा, गीता. मूळ घर सापडल्यानंतरही वृत्तपत्रांतून आणि सार्वजनिक जीवनात तिचे नाव गीताच राहिले. २०२४ मध्ये वयाच्या तिशीनंतर ती आठवीच्या परीक्षेला बसल्याची बातमी आली, तीही याच नावाने. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नवे आयुष्य हे परत गेल्यावर उतरवून ठेवायचे कापड नसते. कराचीतील वर्षे तिच्या बरोबर आली. ज्या बाईने नाव दिले तिला ती आई मानत होती आणि ज्या आईने जन्म दिला तिचाही शोध घेत होती. या दोहोंत विरोध आहे असे मानणारे नाते फक्त मालकीचे असते.

अमानतीची मर्यादा

येथवर अमानत हा शब्द आपल्याला उपयोगी पडला. परंतु त्याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. अमानत म्हणून ठेवलेली वस्तू बोलत नाही. ती कोणाकडे राहायचे हे ठरवत नाही. माणूस ठरवतो. म्हणून माणसाच्या बाबतीत अमानतीला आणखी एका शब्दाची जोड हवी. तो म्हणजे ‘रजा’. मराठीत हा शब्द सुट्टीच्या अर्थाने रुळला, पण मुळात तो संमतीचा शब्द आहे. ‘राजीखुशी’ या मराठी शब्दातील राजी त्याच कुळातला.

दिल्लीत समोर उभ्या केलेल्या कुटुंबाला पाहून गीताने मान हलवली, तो क्षण या दृष्टीने पुन्हा वाचावा. दोन देशांची सरकारे, छायाचित्रकार, शुभेच्छा, सारे तयार होते. तिने हो म्हटले असते तर सर्वांची सोय झाली असती. ती नाही म्हणाली. मुन्नीला कथेच्या शेवटी आवाज मिळतो. गीताकडे तो आधीपासून होता, फक्त तो हाताच्या खुणांचा होता आणि तो वाचणारे थोडे होते. बधिर माणूस मुका असतो ही समजूत आपल्या भाषेतच इतकी मुरली आहे की खुणांची भाषा जाणणारा दुभाषा मिळेपर्यंत त्याच्या मर्जीची नोंदच होत नाही. वाचा फुटण्याचा चमत्कार दाखवणे सोपे आहे. समोरच्याची भाषा शिकून घेणे कष्टाचे आहे. परभणी व इंदूरमधील ज्या कार्यकर्त्यांनी तिला खुणांची भाषा शिकवली आणि तिच्या आठवणी तिच्याकडूनच समजून घेतल्या, त्यांच्या कामाचे महत्त्व यातच आहे.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. अजाण मुलाची मर्जी कशी विचारणार? हरवलेले मूल घरी पोहोचवणे हाच धर्म नव्हे काय? हा आक्षेप योग्य आहे. सात वर्षांच्या मुलीला तुला कोणता देश हवा असे विचारणे हास्यास्पद ठरेल. पण मूल मोठे होते. त्याचा शोध लागायला जितकी वर्षे जातात, तितका त्याचा हक्क वाढत जातो. परतीची व्यवस्था जेवढी संथ, तेवढी संमतीची जबाबदारी जड. दोन्ही देशांत मे २००८ मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण ठरली. याद्यांत नावे लागतात. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, तो कोणत्याच यादीत नीट बसत नाही. समझोता एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची तपासणी चौकी बंद करण्याचा निर्णय झाला. वाटा बंद होत गेल्या की वाट चुकलेल्यांची परतीची वाटही लांबते.

अध्यापनाच्या दृष्टीने

निर्णा आणि भोवतालचा हा परिसर सरहद्दीला अपरिचित नाही. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानातून आलेला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका बाजूला; जहीराबाद, नारायणखेड दुसऱ्या बाजूला; बिदर, हुमनाबाद, भालकी तिसऱ्या बाजूला. ही सरहद्द बंद नाही. बस ती ओलांडते तेव्हा कोणाला कळतही नाही. तरीही उर्दू माध्यमातून आलेला मुलगा कन्नड कार्यालयात, मराठी बोलणारी मुलगी कन्नड वर्गात गेली की तिच्यापुढे नव्या आयुष्याचा एक लहानसा देकार ठेवला जातो. तो घेताना जुने नाव, जुनी भाषा दाराबाहेर ठेवावी लागते काय, हा प्रश्न आपल्या वर्गातील मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून या कथा शिकवताना काही गोष्टी करता येतील. ‘टोबा टेक सिंह’वर ‘फाळणीची वेदना स्पष्ट करा’ हा ठरीव प्रश्न देण्याऐवजी, बिशन सिंहाला कोणी काय सांगितले आणि त्यातील खरे किती, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. ‘लाजवंती’ शिकवताना सुंदरलालने न ऐकलेली हकिकत कोणती असू शकेल, यावर चर्चा घ्यावी. ‘बजरंगी भाईजान’ आणि ‘रामचंद पाकिस्तानी’ शेजारी ठेवून, कोणत्या चित्रपटात हरवलेले मूल कर्ता आहे आणि कोणत्यात निमित्त, हे तपासायला सांगावे. आणि शेवटी गीताची हकिकत द्यावी, पण सद्भावनेचे उदाहरण म्हणून नव्हे. सद्भावना तीत आहेच. तिच्यापुढे जाऊन, चांगुलपणा करणाऱ्याने समोरच्याला किती जागा ठेवली, हे मोजण्याचे माप म्हणून द्यावी.

निष्कर्ष

सरहद्दीवरील साहित्यात दयाळू माणसांची वाण नाही. चौकीतील शिपायांपासून पवनपर्यंत सारे आपापल्या परीने दयाळू आहेत. फरक पडतो तो दोन ठिकाणी. पहिले, दिलेले नाव मागे घेण्याची तयारी आहे काय? दुसरे, परत जाताना वा राहताना त्या माणसाची रजा घेतली गेली काय? मंटो आणि बेदी यांनी या दोन्ही गोष्टींचा अभाव इतक्या नेमकेपणाने दाखवला की त्यांच्या कथा आजही वर्गात जिवंत राहतात. ‘बजरंगी भाईजान’ पहिल्या प्रश्नापर्यंत येतो आणि दुसऱ्यावर थबकतो. ‘रामचंद पाकिस्तानी’ दोन्ही प्रश्न उघडे ठेवतो, म्हणून तो जास्त टिकाऊ आहे.

कराचीतील एका बाईने पहिला प्रश्न आपल्या आचरणाने सोडवला. दुसऱ्याचे उत्तर त्या मुलीने स्वतः, दिल्लीत सर्वांसमोर मान हलवून दिले. वाट चुकलेल्याला घर देणारा थोर असतो. त्याला ‘नाही’ म्हणू देणारा त्याहून थोर. आपल्या समीक्षेने आणि आपल्या अध्यापनाने ही दुसरी थोरवी ओळखायला शिकवले, तर या कथांचे वाचन सार्थकी लागेल.